‘-मुळे’ लिहिण्याआधी: पॅरासिटामॉल, ऑटिझम आणि आईवरचा आरोप

मराठीत ‘-मुळे’ फार स्वस्त आहे. पावसामुळे लोकल लेट, उन्हामुळे डोकं चढलं, मोबाइलमुळे पोरं बिघडली. रोजच्या बोलण्यात यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण ‘गरोदरपणात घेतलेल्या पॅरासिटामॉलमुळे मुलाला ऑटिझम’ असा मथळा येतो, तेव्हा या दोन अक्षरांनी एका बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं असतं. आणि त्या बाईनं बहुतेक वेळा ताप आला म्हणून, डॉक्टरांना विचारूनच ती गोळी घेतलेली असते.

मी मेंदूच्या वाढीवर पीएचडी करते. गर्भात चेतापेशी कशा तयार होतात, आपापल्या जागी कशा पोचतात आणि वाटेत काही अडलं तर पुढे काय होतं, हा माझा रोजचा विषय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. तुम्ही कुठली गोळी घ्यावी याचं उत्तर इथे मिळणार नाही. पण हा आरोप ज्या पुराव्यावर उभा आहे, तो पुरावा तुमच्यासमोर मांडून तपासता येईल. तेवढंच करू.

नक्की काय म्हटलं गेलं

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांना सोबत घेऊन व्हाइट हाउसमधून सांगितलं, की गरोदर बायकांनी टायलेनॉल टाळावं, अगदीच सहन होत नसेल तरच घ्यावं. टायलेनॉल म्हणजे तिकडचं पॅरासिटामॉल. आपल्याकडे तेच क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो अशा नावांनी मिळतं.

आता गंमत बघा. त्याच दिवशी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, डॉक्टरांसाठी एक पत्र काढलं. त्यात जपून वापरण्याचा सल्ला होता. पण औषधानंच हे होतं असं सिद्ध झालेलं नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शिवाय ताप आणि वेदनेवर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये गरोदरपणात हीच सर्वांत सुरक्षित, असंही होतं. व्यासपीठावर ‘-मुळे’, पत्रात ‘सिद्ध नाही’. व्हॉट्सॲपवर कुठलं पोचलं, हे तुम्हाला माहीतच आहे. माझ्या मामेबहिणीला सातवा महिना होता. पहिल्या तीन महिन्यांत तापासाठी तिनं चार-पाच गोळ्या घेतल्या होत्या. तिचा मेसेज एवढाच होता: ‘आता काही करता येईल का?’

मराठीत यात एक जास्तीची अडचण आहे. शोधनिबंधात जो शब्द असतो त्याचा अर्थ ‘या दोन गोष्टी एकत्र आढळल्या’ एवढाच असतो. आपण त्याचं ‘संबंध’ करतो. आणि आपल्याकडे चोरीशी ‘संबंध’ असलेला माणूस लोकांच्या लेखी चोरच असतो. म्हणून मी पुढे दोनच शब्द वापरणार आहे: ‘सोबत’ आणि ‘-मुळे’. सोबत म्हणजे एकत्र दिसतं. ‘-मुळे’ म्हणजे एकानं दुसरं घडवलं. सगळा वाद पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारण्याचा आहे.

गोळी कोण घेतं?

सगळ्यात सोपा अभ्यास असा: गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतलेल्या आयांची मुलं एका बाजूला, न घेतलेल्यांची दुसऱ्या बाजूला, आणि काही वर्षांनी ऑटिझमचं किंवा एडीएचडीचं निदान किती मुलांना झालं ते मोजायचं. अनेक अभ्यासांनी हे केलं, आणि पहिल्या गटात निदानं थोडी जास्त दिसली. म्हणजे ‘सोबत’ खरं आहे. त्यावर माझा काही आक्षेप नाही.

पण हे दोन गट मुळात सारखे आहेत का? पॅरासिटामॉल कुणी हौसेनं घेत नाही. ताप येतो, संसर्ग होतो, अर्धशिशी उठते, कंबर धरते, म्हणून घेतात. ज्या घरासमोर डॉक्टरांची गाडी सारखी थांबते, त्या घरात आजारपण जास्त असतं. ते गाडीनं आणलं असं आपण म्हणत नाही. इथेही गोळीसोबत जे दिसतंय ते गोळीचं, तापाचं, की आईच्या एकूण तब्येतीचं, हे त्या साध्या तुलनेतून कळत नाही.

त्यात जनुकं आली. २०१९ मध्ये पाच देशांतल्या सुमारे २० लाख मुलांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात ऑटिझममधला आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. म्हणजे ऑटिझमच्या बाबतीत लोकांमध्ये जो फरक आढळतो, त्यातला बराचसा भाग जनुकांमधल्या फरकाशी जुळतो. आता हीच जनुकं आईकडेही असतात. तिच्यात ती चिंता, लक्ष न लागणं, वारंवार दुखणं अशा वेगळ्या रूपात दिसत असतील, तर गोळ्याही तीच जास्त घेणार. अशा वेळी गोळी ही नुसती खूण ठरते.

नाळेतलं रक्त

या आरोपाच्या बाजूनं सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा बॉस्टनचा आहे. ‘जामा सायकियाट्री’त आलेल्या या अभ्यासात ९९६ आई-मुलांच्या जोड्या होत्या. आईला ‘गोळी घेतली होती का’ असं विचारण्याऐवजी संशोधकांनी जन्माच्या वेळचं नाळेतलं रक्त घेऊन त्यात पॅरासिटामॉल मोजलं. सर्वांत जास्त प्रमाण असलेल्या एक तृतीयांश मुलांची तुलना सर्वांत कमी असलेल्या एक तृतीयांशाशी केली, तर एडीएचडीच्या शक्यतेचं गुणोत्तर २.८६ आणि ऑटिझमचं ३.६२ आलं. आकडा मोठा आहे. आणि आठवणीवर विसंबायचं नाही, थेट रक्तात मोजायचं, हे ऐकायलाही भक्कम वाटतं.

आता जरा जवळून बघा. हे औषध शरीरात दोन-तीन तासांत निम्मं होतं. दिवसभरापूर्वी घेतलेल्या गोळीचं नाळेत जवळजवळ काही उरत नाही. म्हणजे या अभ्यासानं गरोदरपणाचे नऊ महिने मोजलेच नाहीत, त्यानं बाळंतपणाचे शेवटचे काही तास मोजले. सगळ्याच्या सगळ्या नमुन्यांत औषध सापडलं, ते याच्याशी जुळतं. कळा लांबल्या, ताप आला, सिझेरियन झालं, की औषध जास्त दिलं जाणार. मग जास्त प्रमाण म्हणजे गोळी जास्त, की बाळंतपण अवघड?

शिवाय मेंदूच्या बांधकामाचं वेळापत्रक असतं. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या बहुतेक चेतापेशी सातव्या महिन्यापर्यंत तयार झालेल्या असतात. जोडण्या नंतरही वर्षानुवर्षं बनत आणि छाटल्या जात राहतात, पण पाया आधीच घातलेला असतो. पायाबद्दल बोलायचं आणि मोजणी मात्र वास्तुशांतीच्या दिवशी करायची, असा हा प्रकार आहे. आणखी एक गोष्ट: या ९९६ मुलांपैकी एक चतुर्थांशाहून जास्त मुलांना एडीएचडीचं निदान होतं. हा काही सर्वसाधारण लोकसंख्येचा नमुना नव्हे. मोजमाप काटेकोर आहे, हे मान्य. पण त्यातून जो प्रश्न सुटतो असं सांगितलं जातं, तो त्यातून सुटत नाही.

एकाच आईची दोन मुलं

मग तुलना कुणाशी करायची? २०२४ मध्ये ‘जामा’त स्वीडनचा एक अभ्यास आला. १९९५ ते २०१९ या काळात तिथे जन्मलेली जवळजवळ २४ लाख ८१ हजार मुलं. त्यांपैकी सुमारे १ लाख ८६ हजार मुलांच्या, म्हणजे ७.५ टक्के मुलांच्या, आयांनी गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्याची नोंद होती.

इथे आकडे तीन पायऱ्यांनी वाचायचे.

पहिली पायरी, सरळ मोजणी. दहा वर्षांच्या वयापर्यंत ऑटिझमचं निदान न घेतलेल्यांच्या मुलांमध्ये १.३३ टक्के, घेतलेल्यांच्या मुलांमध्ये १.५३ टक्के. हजारात तेरा आणि हजारात पंधरा. मथळ्यात हाच फरक ‘१५ टक्क्यांनी जास्त’ असाही लिहिता येतो. दोन्ही खरं आहे. वाचणाऱ्याला घाबरवायचं की माहिती द्यायची, यावर निवड ठरते.

दुसरी पायरी. गोळी घेतलेल्या आयांमध्ये धूम्रपान, जास्त वजन, मानसिक आजारांची निदानं आणि बेताची आर्थिक स्थिती जास्त होती. हे सगळं हिशोबात धरल्यावर धोक्याचं गुणोत्तर १.०५ वर आलं. म्हणजे पाच टक्के.

तिसरी पायरी भावंडांची. तीच आई, एका वेळी गोळी घेतली, दुसऱ्या वेळी नाही. या दोन मुलांची आई एक, घर एक, जनुकंही सरासरीनं निम्मी सारखी. ही तुलना केल्यावर ऑटिझमचं गुणोत्तर ०.९८ आलं, एडीएचडीचं ०.९८ आणि बौद्धिक अक्षमतेचं १.०१. एक म्हणजे काहीच फरक नाही. जास्त डोससोबत जास्त धोका, असा चढता क्रमही भावंडांमध्ये दिसला नाही.

औषध खरोखर दोषी असतं, तर फरक भावंडांमध्येही उरायला हवा होता. तो विरघळला. याचा सर्वांत सरळ अर्थ असा, की जे दिसत होतं ते बाटलीतून आलं नव्हतं, कुटुंबातून आलं होतं.

स्वीडनवरही शंका घेऊ

आपल्याला आवडलेल्या निष्कर्षालाही तोच नियम लावायला हवा. ७.५ टक्के हा आकडा फार कमी आहे. गरोदर बायकांना थेट विचारलेल्या पाहण्यांमध्ये निम्म्याच्या आसपास बायका ही गोळी घेतल्याचं सांगतात. स्वीडनमधली नोंद सुईणीनं तपासणीच्या वेळी विचारलेल्या माहितीवर आणि औषधांच्या चिठ्ठ्यांवर आधारलेली होती. दुकानातून आणलेली एखादी पट्टी तिथे निसटणारच. म्हणजे ‘न घेतलेल्या’ गटात घेतलेल्याही बऱ्याच असणार. अशी सरमिसळ झाली, की खरा फरक असला तरी तो पुसट होतो; आणि भावंडांच्या तुलनेत हे पुसट होणं जास्त होतं, हे संख्याशास्त्राला माहीत आहे.

दुसरी बाजूही आहे. २०१३ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी भावंडांच्या २,९१९ जोड्या घेतल्या होत्या. तिथे २८ दिवसांहून जास्त काळ पॅरासिटामॉल घेतलेल्या गरोदरपणातली मुलं तीन वर्षांची असताना चालणं-बोलणं आणि वागणूक यांत थोडी मागे दिसली. माहिती आयांनीच भरलेली होती आणि इतका काळ गोळी घेतलेल्या जोड्या थोड्याच होत्या. तरीही दीर्घकाळ रोज घेण्याचा प्रश्न मी बंद झाला असं म्हणणार नाही. तापासाठी दोन दिवस घेतलेल्या गोळ्या आणि महिनाभर रोज घेतलेल्या गोळ्या हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये ४६ अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला, आणि व्हाइट हाउसमधल्या घोषणेत त्याचाच आधार घेतला गेला. त्यावर माझा आक्षेप मोजण्याच्या पद्धतीवर आहे. बऱ्याच अभ्यासांमध्ये एकच उणीव असेल, तर ते एकत्र ठेवून उणीव भरून निघत नाही, ती पुन्हा पुन्हा मोजली जाते. लाखो भावंडांची तुलना आणि काहीशे आयांची आठवण यांना शेजारी शेजारी बसवून किती बाजूनं, किती विरुद्ध असं मोजणं, हे ग्रामसभेत हात वर करून ठराव घेण्यासारखं झालं. आणि हेही सांगायला हवं की त्या आढाव्याच्या लेखकांनी बंदी मागितली नव्हती. गरज असेल तेव्हा, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, कमीत कमी घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

थोडक्यात: ‘सोबत’ आहे, लहान आहे, आणि चांगली तुलना केली की जवळजवळ नाहीसं होतं. ‘-मुळे’ लिहिण्याइतका पुरावा नाही. ‘अजिबात धोका नाही, सिद्ध झालं’ असं लिहिण्याइतकाही नाही.

मग ‘-मुळे’ कधी लिहावं?

कुठल्याच औषधाबद्दल असं म्हणता येत नाही, असा याचा अर्थ घेऊ नका. व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचं, म्हणजे फिट्सचं, जुनं औषध घ्या. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फिट्स येणाऱ्या गरोदर बायकांचा अभ्यास झाला. सगळ्यांना आजार तोच, औषधं मात्र चार वेगवेगळी. मुलं सहा वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला. व्हॅल्प्रोएट घेतलेल्यांच्या मुलांचा सरासरी ९७ आला. इतर तीन औषधांचा १०५, १०८ आणि १०८. आणि व्हॅल्प्रोएटचा डोस जितका जास्त तितका बुद्ध्यांक कमी. हा निकाल २०१३ चा. त्याच वर्षी डेन्मार्कच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात व्हॅल्प्रोएटसोबत ऑटिझमचं प्रमाणही स्पष्ट जास्त दिसलं. पाठीच्या कण्याचे जन्मजात दोष तर आधीपासून माहीत होते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतही परिणाम दिसत होते.

इथे आजार दोन्हीकडे सारखा आहे, डोससोबत परिणाम चढतो, आणि वेगवेगळ्या वाटांनी गेलं तरी एकाच ठिकाणी पोचतो. इथे मी निःशंकपणे ‘-मुळे’ लिहीन. (तुम्ही हे औषध घेत असाल तर मनानं बंद करू नका. गरोदरपणात फिट येणं आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांशी बोला, शक्यतो दिवस राहण्याच्या आधीच.)

आई नेहमी हाताशी असते

पॅरासिटामॉलचा आरोप इतक्या लवकर पटला, त्याला एक जुनं कारण आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोरमध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली. त्या मुलांचे आई-वडील त्यांना कोरडे वाटले. पुढे त्यातूनच ‘फ्रिजसारखी थंड आई’ ही कल्पना पसरली. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. प्रेम कमी पडल्यामुळे मूल मिटून गेलं, असं आयांना तोंडावर सांगितलं जाई.

हा आरोप कोसळायला काय लागलं? पुन्हा भावंडंच. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्येच विचारलं होतं, की याच ‘थंड’ आयांची बाकीची मुलं अगदी नेहमीसारखी कशी? मग १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता. दहा वेगळ्या जोड्यांपैकी एकातही नाही. माया दोघांच्याही वाट्याला तीच होती. वेगळी होती ती जनुकं.

आपल्याकडे हे नवं नाही. ग्रहणात विळी हातात धरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, हे वाक्य अजूनही ऐकू येतं. त्या ग्रहणात विळी धरूनही ज्यांची बाळं धडधाकट झाली, त्या बायकांची मोजणी कुणी करत नाही. तुलना नसली की आरोप आपोआप सिद्ध होतो. आणि आई हाताशी असते. तिच्या तपासण्या होतात, तिच्या गोळ्यांची नोंद राहते, तिला आठवायला लावलं जातं. वडिलांनी त्या वर्षी काय घेतलं, हे विचारणारे अभ्यास शोधावे लागतात.

यात नुकसान कुणाचं होतं?

एक तर त्या गरोदर बाईचं, जी आता १०२ ताप अंगावर काढेल. सुरुवातीच्या महिन्यांतल्या तापासोबत त्या नळीचे जन्मदोष जास्त आढळतात. (हेही ‘सोबत’च आहे, पण ते डावलून ‘सहन करा’ असं सांगणं सावधगिरीचं नाही.) ताप दाबला, तर त्याखालचा संसर्गही तपासला जात नाही.

दुसरं नुकसान लक्ष भलतीकडे जाण्याचं. २०१८ मध्ये भारतातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर गोवा, हैदराबाद, कांगडा, पलवल आणि ढेंकानाल इथल्या २ ते ९ वर्षांच्या जवळजवळ चार हजार मुलांची तपासणी त्यात होती. ऐकू न येण्यापासून फिट्स, सेरेब्रल पाल्सी आणि ऑटिझमपर्यंत नऊ विकार धरले, तर साधारण आठांतल्या एका मुलाला त्यांपैकी किमान एक होता. त्यासोबत काय दिसलं? घरी झालेलं बाळंतपण, जन्मताना श्वास अडकणं, वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मणं, नवजात असतानाचे आजार, मेंदूचे संसर्ग, खुंटलेली वाढ. हा एकाच वेळी केलेला पाहणी-अभ्यास आहे, म्हणून इथेही मी ‘सोबत’च म्हणेन. पण यातल्या बहुतेक गोष्टी तशाही सुधारायलाच हव्या आहेत, आणि त्या एकट्या आईच्या हातात नाहीत. त्यांना रस्ता लागतो, ॲम्ब्युलन्स लागते, नवजात बाळांचा कक्ष लागतो, अंगणवाडी लागते. क्रोसिनची पट्टी कचऱ्यात टाकून यातलं काहीच होत नाही.

पुढच्या वेळी असा मथळा आला की दोन प्रश्न विचारा. तुलना कुणाशी केली? आणि तीच आई, तेच घर ठेवून तुलना केली तर फरक उरतो का? बातमीत उत्तर नसेल तर ‘-मुळे’ खोडून मनातल्या मनात ‘सोबत’ लिहा आणि मग पुढे वाचा.

मामेबहिणीला मी हेच लिहिलं, जरा कमी शब्दांत. आणि तुम्ही ऑटिझम असलेल्या मुलाची आई असाल, आणि कधीतरी रात्री सहा-सात वर्षांपूर्वीच्या त्या गोळ्या मोजत बसत असाल, तर आज हातात असलेल्या पुराव्यात त्या मोजण्याला आधार नाही.